अंगणातली हाक

(ग्रामीण भागात विस्तारक म्हणून निघणाऱ्या तरुणांसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर आंजी (मोठी), जि. वर्धा येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आंजीत दिवसा कोणाचे दार बंद नसते. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पंधरा किलोमीटरच्या आसपास, धाम नदीच्या काठी वसलेले हे गाव. हीच धाम पुढे पवनारला विनोबांच्या आश्रमाच्या पायथ्याशी जाते. कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या हंगामाप्रमाणे येथला दिवस लांबतो आणि आखडतो. येथे कोणाच्या घरी जायचे झाले तर दारावर थाप मारण्याची पद्धत नाही. अंगणात उभे राहून हाक द्यायची, आतून ओ आली की पायरी चढायची. गावच्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. परगावाहून आलेल्या वीस वर्षांच्या मुलाला मात्र पहिल्या दिवशी ही हाक मारता येत नाही. नाव कोणाचे घ्यावे? 'काका' म्हणावे की 'भाऊ', 'आजी' म्हणावे की 'मावशी'? बौद्धिकात ऐकलेले सारे त्याला मुखोद्गत असते, पण घशातून हाक निघत नाही.

अनोळखी दाराशी उभे राहण्याचे शिक्षण आपल्या तरुणांना पद्धतशीरपणे देणारा एक पंथ जगात आहे. त्याचा मार्ग आपल्याला मान्य नाही. तरीही त्याची दिनचर्या डोळसपणे पाहण्यासारखी आहे, म्हणून आजच्या विषयाचा आरंभ तेथून करू.

अमेरिकेतील यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी येथे या पंथाचे मुख्यालय आहे. जोसेफ स्मिथ याने १८३० साली त्याची स्थापना केली. जगभर तो 'मॉर्मन' या नावाने ओळखला जातो. इतर अनेक ख्रिस्ती पंथ त्याला ख्रिस्ती मानण्यासही तयार नसतात, पण तो त्यांचा घरचा वाद आहे. पाहायचे आहेत ते त्यांचे तरुण. अठरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा कॉलेज बाजूला ठेवून दोन वर्षे प्रचाराला निघतो (२०१२ पूर्वी ही मर्यादा एकोणीस वर्षांची होती). मुलींसाठी हा काळ दीड वर्षाचा असतो. असे सत्तर हजारांहून अधिक तरुण-तरुणी आज जगभर फिरत आहेत. कोठे जायचे हे त्यांनी ठरवायचे नसते. घरी नियुक्तीचे पत्र येते, आणि त्यात जो देश असेल तो आपला. भाषा येत नसेल तर काही आठवड्यांत जेवढी शिकता येईल तेवढी शिकायची. वेतन नाही. उलट खर्चाची तोंडमिळवणी मुलाने स्वतः साठवलेल्या पैशातून आणि आईवडिलांच्या मदतीने करायची.

त्याचा दिवस सकाळी साडेसहाला सुरू होतो. व्यायाम, प्रार्थना, ग्रंथाचे वाचन, भाषेचा अभ्यास, मग दिवसभर गाठीभेटी, आणि रात्री साडेदहाला दिवा बंद. आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्यासाठी, बाजारहाटासाठी आणि घरी पत्र लिहिण्यासाठी राखलेला असतो. पांढरा सदरा, गळ्यात टाय, खिशावर नावाची काळी पट्टी. एकट्याने कोठेही जायचे नाही, सदैव जोडी. हा जोडीदारही निवडून मिळत नाही. स्वभाव जुळो वा न जुळो, त्याच्याच सोबत एका खोलीत राहायचे, एका वेळी जेवायचे, आणि जरा मैत्र जडते न जडते तोच बदली व्हायची. मुलींशी सलगी नाही, मद्य नाही, तंबाखू नाही, एवढेच काय, चहा आणि कॉफीसुद्धा नाही. आंजीसारख्या गावात चहा नाकारणाऱ्या पाहुण्याची काय गत होईल, हे येथे बसलेल्या मायबहिणींना सांगायला नकोच! २०१९ पर्यंत या मुलांना घरी फोन करण्याची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. आता ती आठवड्याला एकदा झाली आहे.

भारतात त्यांचे काम मुख्यतः बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, दिल्ली अशा शहरांत आहे आणि त्यांच्या प्रचारकांत भारतीय तरुणांचाच भरणा अधिक आहे. पण महाराष्ट्राशी त्यांची ओळख बरीच जुनी. ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मॉर्मन प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरला आणि तेथून पुण्यास गेला. लष्करी छावणीत प्रवचने करण्यास त्याला मनाई झाली. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली. ज्यांच्या धर्मबंधुत्वावर त्याची भिस्त होती, त्या गोऱ्या समाजानेच त्याला दारात उभे केले नाही. तेव्हा त्याने मराठीचा अभ्यास आरंभला. जवळ पैशाची थैली न बाळगता निघावे, लोक देतील त्यावर राहावे, असा त्या काळी या प्रचारकांचा दंडक होता. ज्या पुण्यात माधुकरी मागणारे विद्यार्थी गल्लोगल्ली फिरत, तेथे हा दंडक एखाद्या गोऱ्या माणसाने पाळावा, हे दृश्य मोठे विलक्षण असले पाहिजे. हाती फारसे काही लागले नाही. काही मोजके युरोपीय आणि अँग्लो-इंडियन अनुयायी मिळाले, आणि १८५६ पर्यंत हे सारे प्रचारक भारत सोडून परत गेले.

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडे 'आमिष' हा शब्द चटकन ओठांवर येतो. जेथे आमिष असेल तेथे तो योग्यच आहे. वर्धा जिल्हा ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता, त्या राज्यात न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ साली दिलेला अहवाल कार्यकर्त्यांनी अवश्य वाचावा. परंतु हा शब्द या अठरा वर्षांच्या मुलाला लावून चालणार नाही. तो स्वतःचे पैसे खर्चून आला आहे. त्याचा आपल्या सांगण्यावर विश्वास आहे. अशा मुलाला 'लबाड' म्हणणे सोपे आहे, पण त्या शब्दाने आपलीच फसवणूक होते. कारण मग 'आपल्या घरातला अठरा वर्षांचा मुलगा कोठे आहे?' हा प्रश्न विचारावाच लागत नाही.

मतभेद आहे तो वेगळ्याच ठिकाणी, आणि तो सांगायला वर्ध्यापासून दूर जावे लागत नाही. १९३६ साली ख्रिस्ती मिशनरी चळवळीचे जागतिक नेते जॉन मॉट गांधीजींना भेटण्यासाठी सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला आले. धर्मांतराच्या प्रश्नावर दोघांचे सविस्तर बोलणे झाले, मतभेद मिटले नाहीत. सेवा अवश्य करा, पण समोरच्याने आपला धर्म सोडावा ही अपेक्षा पोटात ठेवून ती करू नका, अशी गांधीजींची भूमिका होती. अंगणात उभा राहिलेला प्रचारक जर असे धरून चालत असेल की या घरातल्या म्हातारीने चाळीस वर्षे तुळशीला घातलेले पाणी फुकट गेले, तर तो कितीही प्रामाणिक असो, त्याने त्या घराला पाहिलेच नाही. आपला विरोध आहे तो या न पाहण्याला.

आणि हाच निकष स्वतःला लावायला हवा. आपला विस्तारक त्या म्हातारीला पाहतो का?

विदर्भाने ही दिनचर्या परक्यांकडून शिकण्याचे कारण नव्हते. गाडगेबाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडायचे, कोणी दिलेली भाकर मडक्याच्या खापरात घेऊन खायची, आणि रात्री कीर्तन. ज्याने दिवसा आपल्या दारापुढचा कचरा उचलला त्याचे रात्रीचे बोल लोक ऐकून घेत, मग ते कितीही झोंबरे असोत. बाबा पाया पडू देत नसत आणि मुक्काम वाढवीत नसत. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना या भागात गावोगावी रुजली, तीही खंजिरी घेऊन पायी फिरणाऱ्या माणसांमुळे. याउलट अनुभवही वर्ध्यानेच दिला. १९३५ मध्ये गांधीजी, महादेवभाई देसाई आणि मीराबेन यांनी वर्ध्यालगतच्या सिंदी गावात सफाईचे काम हाती घेतले. बादल्या घेऊन ही माणसे रोज जात. गावाने त्यांना अडवले नाही, आणि आपली सवयही सोडली नाही! एवढ्या मोठ्या माणसांना जेथे महिनोन्‌महिने दाद मिळाली नाही, तेथे आठ दिवसांच्या विस्तारकाने चौथ्या दिवशी निराश व्हावे, हे जरा अतिच झाले.

संघाच्या आरंभकाळी बाहेरगावी निघालेले तरुण कसे राहिले, हे पाहण्यासारखे आहे. नानाजी देशमुख १९४० च्या सुमारास प्रचारक म्हणून गोरखपूरला गेले. ओळखीचे कोणी नाही, खिशात पैसा नाही. धर्मशाळेत तीन दिवसांपेक्षा अधिक राहू देत नसत, म्हणून दर तीन दिवसांनी वळकटी उचलायची आणि दुसरी जागा शोधायची. शेवटी बाबा राघवदास यांच्या आश्रमात आसरा मिळाला, तोही स्वयंपाक करण्याच्या अटीवर. हिंगोलीकडच्या कडोळी गावच्या या मुलाने गोरखपूरचे मन जिंकले असे आपण आज म्हणतो, पण त्यातला बराचसा काळ त्याने चुलीपुढे काढला आहे.

दुसरे उदाहरण तर याच रस्त्यावरचे. दत्तोपंत ठेंगडी यांचा जन्म १० नोव्हेंबर १९२० रोजी आर्वीचा. वकिलाचे घर, स्वतः बी. ए., एलएल. बी. झालेले. बाविशीत, १९४२ साली, हा वऱ्हाडी वळणाचा मुलगा केरळात कालिकतला प्रचारक म्हणून गेला. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण खाल्लेल्या माणसाला तेथले जेवण निराळे, लिपी निराळी, बोलणे निराळे, आणि संघाचे नावही कोणी ऐकलेले नाही. पुढे दत्तोपंतांनी भारतीय मजदूर संघ उभा केला (१९५५), भारतीय किसान संघ उभा केला (१९७९), बारा वर्षे राज्यसभेत बसले. त्या कर्तृत्वाची जयंती-पुण्यतिथीला उजळणी होते. पण कामगाराच्या खोलीत तासन्‌तास बसून त्याचे ऐकून घेण्याची जी सवय त्यांच्यात दिसे, ती एखाद्या अधिवेशनात लागलेली नव्हे. बोलण्याइतकी भाषा नसलेल्या माणसाला आधी ऐकावेच लागते.

आता आंजीसारख्या गावातला विस्तारकाचा दिवस पाहू.

पहाटे तो लवकर उठतो हे ठीक, पण गाव त्याच्याही आधी उठलेले असते. आठ-नऊ वाजता तो वही घेऊन बाहेर पडतो तेव्हा बाया वेचणीला आणि गडी वखराला गेलेले. घरी उरतात म्हातारी माणसे आणि लेकरे. शहरातल्यासारखा 'संपर्क' करू जाणाऱ्याचे पहिले दोन दिवस असे वाया जातात. तिसऱ्या दिवशी शहाणा मुलगा वावरात जातो. पऱ्हाटीच्या ओळीत उभा राहून बोंडातून कापूस कसा ओढायचा हे एखाद्या बाईकडूनच शिकतो, बोटे सोलून घेतो, आणि ती हसते. त्या हसण्याने जी ओळख होते ती दहा पत्रकांनी होत नाही.

कठीण असते ती दुपार. एक ते चार. ऊन, सामसूम, झोपलेली कुत्री, आणि खोलीत आपण एकटे. संध्याकाळी मैदानावर पोरे जमली, कबड्डी सुरू झाली की मन हलके होते. रात्री ओसरीवर चार माणसे बसली की वेळ कसा जातो कळत नाही. मुले परत फिरतात ती बहुधा या दुपारी. मॉर्मनांनी जोडीची सक्ती का केली असावी, याचे उत्तर या दुपारीत आहे. आपल्याकडे अशी सक्ती नाही, आणि वर हातात मोबाईल आहे. दुपारच्या तीन तासांत मुलगा मनाने केव्हाच आपल्या शहरात पोहोचलेला असतो. त्यांनी बांधलेला फोन एवढ्या वर्षांनी जरासा सैल केला. आपण तो कधी बांधलाच नाही. येथे बसलेल्या आयांना एक विनंती आहे. मुलाला दिवसातून तीनदा 'जेवलास का?' असे विचारू नये. त्याला जेवू घालणारी माउली गावात असते. तिचा तो मान आहे.

जेवण हा या जीवनातला सर्वांत नाजूक भाग. वार लावून शिकलेल्या मुलांची परंपरा महाराष्ट्राला आहे, त्यामुळे आज या घरी, उद्या त्या घरी पान मांडले जाणे आपल्याला परके नाही. परंतु गाव मोजत असते. हा मुलगा कोणाकडे जेवला, यापेक्षा कोणाकडे जेवला नाही, याची नोंद अधिक पक्की असते. पंधरा दिवसांत पंधरा घरी जेवला आणि पंधराही घरे गावाच्या एकाच अंगाची असली, तर समरसतेवरचे त्याचे भाषण सुरू होण्याआधीच संपलेले असते. आणि हे बहुधा दुष्टपणाने होत नाही, आळसाने होते. ज्या कार्यकर्त्याने खोली मिळवून दिली त्याचे नातलग, त्यांचे शेजारी, असे करीत यादी भरते. बौद्ध वस्तीतली घरे आणि गोंडांची घरे त्या यादीत नसतात. तेथे स्वतःहून जावे लागते, अंगणात उभे राहून हाक द्यावी लागते, आणि 'आमच्याकडे काय काम काढलं?' हा प्रश्न मान खाली न घालता, पण आवाज न चढवता ऐकावा लागतो. त्या प्रश्नामागे पिढ्यांचा अनुभव आहे. बाबासाहेबांच्या मार्गाने गेलेल्या घराला मार्ग समजावून सांगायला नव्हे, तर शेजारी म्हणून जायचे आहे, हे विस्तारकाने स्वतःच्या मनाशी आधी पक्के करावे. नाही तर त्याच्यात आणि टाय लावलेल्या त्या मुलात फरक काय राहिला?

याच वर्ध्यात डिसेंबर १९३४ मध्ये संघाच्या शिबिराला गांधीजींनी भेट दिली होती. आप्पाजी जोशी तेव्हा येथले काम पाहत. निरनिराळ्या जातींचे तरुण एकत्र राहतात, एका पंगतीत जेवतात, शेजारच्याची जात विचारीत नाहीत, हे त्यांनी पाहिले आणि सप्टेंबर १९४७ मध्ये दिल्लीत स्वयंसेवकांसमोर त्याचा उल्लेखही केला. हा प्रसंग आपल्या व्यासपीठांवरून नेहमी सांगितला जातो. त्याच भाषणात त्यांनी पुढे एक इशारा दिला होता, तो तितकासा सांगितला जात नाही. सेवा आणि त्याग यांना शुद्ध हेतूची व खऱ्या ज्ञानाची जोड नसेल तर ते समाजाला घातकही ठरू शकतात, अशा आशयाचा तो इशारा होता. शिबिरात पंगत एक होणे तुलनेने सोपे असते, कारण तेथला आचारी एक असतो. गावात चुली निराळ्या असतात.

आणि एक घर असे येते की जेथे काय बोलावे हेच सुचत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली त्यांत वर्धा होता, एवढे सांगितले की ते घर कोणते हे कळते. कर्ता गेला आहे. भिंतीवर तसबीर. पाटी-दप्तर घेऊन बसलेली पोर. सावकाराचा आणि बँकेचा हिशेब कोनाड्यात. अशा घरी पत्रक घेऊन येणाऱ्याजवळ तयार उत्तर असते: अमुक मान, शांती मिळेल. आपल्या मुलाजवळ तसे उत्तर नसते, आणि ते नसणेच बरे. 'राष्ट्राचे परमवैभव' हा शब्द त्या ओसरीवर उच्चारू नये. पोरीचा अभ्यास घ्यावा. पेरणीच्या दिवसांत दोन तास वावरात उभे राहावे. मदतीचा अर्ज तहसील कार्यालयात कोठे अडला आहे हे चार खेपा घालून पाहावे. यातले एकही काम 'वृत्त' म्हणून पाठवण्याजोगे नाही, आणि नेमकी येथेच आपली कसोटी आहे. त्यांच्या पद्धतीत किती दीक्षा झाल्या हा आकडा अखेर वर जातो. आपल्याकडे किती शाखा, किती संख्या, हा आकडा जातो. आकडा लिहिणाऱ्या हाताला त्या घरात घालवलेला आठवडा रिकामा वाटतो. ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विस्तारकाचे वृत्त घेताना हा रिकामा आठवडा वाचायला शिकले पाहिजे. न शिकल्यास मुले त्या घरी जाणे सोडून देतील आणि संख्या तेवढी व्यवस्थित येत राहील.

आंजीला आणखी एका प्रकारच्या तरुणांचा सहवास आहे. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र येथे आहे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली, मराठीचा गंध नसलेली मुले-मुली येथे येतात आणि 'कुठं दुखते?' हे प्रथम शिकतात. त्यांच्याजवळ निदान औषध असते. विस्तारकाने त्यांच्याशी ओळख करून घ्यावी, कारण रात्री-अपरात्री तिचा उपयोग होतो. कोणाच्या तरी सुनेला कळा सुरू होतात, कोणाला पान लागते, आणि वर्ध्याला किंवा सेवाग्रामला जायला सोबत हवी असते. त्या वेळी खोलीबाहेर उभे राहून कोणी तरी हाक मारते. पहिल्या दिवशी ज्याच्या घशातून हाक निघाली नव्हती, त्याला आता हाक येते, आणि तीही नावाने.

मुदत संपली की एस.टी.ने परत निघायचे. खोलीची किल्ली पुढे येणाऱ्या मुलाच्या हाती द्यायची असते. तिच्यासोबत वहीही द्यावी. तिच्यात शाखेत येणाऱ्या मुलांची नावे असतातच. मागच्या पानावर, जेथे जेवण व्हायचे राहून गेले त्या घरांचीही यादी असावी.